बेंबीची हद्द

भालचंद्र सरमळकरांचं अपेंडिक्स व्यवस्थित निघालं. पण ते निघालंच नाही असं धरून चालू, कारण इस्पितळानेही तसंच धरलंय.

त्या सकाळी नवरा पोट धरून वाकला तशी विनताने त्याला रिक्षात घालून इस्पितळात आणलं. खिडकीवरच्या बाईने त्याच्या पोटावर दुखमापक टेकवला. कायद्याने माणसाचं डावं अंग सरकारचं, उजवं विमा कंपनीचं. काटा बरोबर मधोमध थांबला.

"बेंबीवर आलंय. हद्दीचा वाद," बाई म्हणाली. "कळ कुठल्या तरी बाजूला सरकेपर्यंत कळ काढा."

"अहो ताई, तोवर फुटलं तर?"

"मग दोन्हीकडे पसरेल. त्याला संयुक्त समिती आहे."

विनता नवऱ्याच्या कानाशी लागली. "अहो, जरा उजवीकडून ओरडा ना!"

भालचंद्र ओरडला, तो नेमका बेंबीच्या देठापासून. यंत्राने तसंच नोंदवलं.

शेवटी एका सर्जनबाईंना राहवलं नाही. त्यांनी जेवणाच्या सुट्टीत, कुठेही नोंद न करता, अपेंडिक्स काढून टाकलं.

आज बारावा दिवस. टाक्यांभोवती लाली चढतेय, ताप येतोय आणि न झालेल्या ऑपरेशनचे टाके कुणी काढत नाही. विनता खिडकीपाशी चारदा बसली, चारदा उठली. मग तिने अर्ज लिहिला:

"माझ्या पतीचे अपेंडिक्स पूर्ववत बसवून, त्यांची बेंबी दोन बोटे उजवीकडे सरकवून, ते रीतसर पुन्हा काढण्यात यावे व टाके तोडण्यास परवानगी मिळावी, ही नम्र विनंती."