गृहचौकशी

चौकशीची बाई उद्या अकरा वाजता येणार, हे रत्नाने तिसऱ्यांदा सांगितलं तेव्हा बारकू उठून घराबाहेर गेला.

रत्ना त्याची धाकटी मुलगी. मुरबाडच्या कॉलेजातून बी.ए. झालेली, वैशाखऱ्याच्या वाडीतली पहिलीच. मुंबईला समाजकार्य शिकायला तिचा नंबर लागला होता. फी, वसतिगृह, जेवण असं सगळं भागवणारी फेलोशिपही मंजूर झाली होती. अट एकच होती. घराणं कातकरी जमातीचं आहे असं दाखवणारा १९५० सालाआधीचा एक कागद हवा. तोही शनिवारपर्यंत.

असा कागद वाडीत कुणाकडेच नव्हता. जमीन नव्हती, म्हणून सातबारा नव्हता. रत्नाच्या आधी घरातलं कुणी शाळेत टिकलं नव्हतं, म्हणून शाळेचा दाखला नव्हता. बारकूचा बाप जंगलात कोळशाच्या भट्टीवर जन्मला आणि तिथे वही घेऊन कुणी येत नसे. रत्नाने गावातल्या जुन्या शाळेत आणि तहसील कचेरीत मिळून नऊ खेटे घातले होते. आता उरली होती गृहचौकशी. जातपडताळणी कार्यालयातली बाई घरी येणार, घरच्यांना आणि गावकऱ्यांना घराण्याबद्दल विचारणार. काही हाती लागलं तर ठीक, नाहीतर फाइल बंद. फाइल बंद झाली की दिवाळीनंतर रत्नाही सगळ्यांबरोबर वीटभट्टीवर.

बारकूला हे सगळं समजलं होतं. त्याची भीती वेगळी होती. गावाला घराण्याबद्दल विचारलं तर गाव काय सांगेल, हे त्याला ठाऊक होतं.

त्याच्या आजाने, जैतूने, गावातल्या ज्ञानेश्वर देसल्यांच्या आजाच्या खळ्यावरून भात उचललं होतं आणि सहा महिने तुरुंगात काढले होते. बारकूचा बाप म्हणायचा की ते भात झोडणीच्या मजुरीचंच होतं. पण बापाचं म्हणणं वाडीबाहेर कुणी ऐकलं नव्हतं. लहानपणी गावातली पोरं बारकूला चोराचा नातू म्हणत. रत्नाच्या कानावर हे कधी पडलं नव्हतं. बारकूने पडू दिलं नव्हतं.

तो थेट ज्ञानेश्वरच्या दारात जाऊन उभा राहिला. ज्ञानेश्वर साठीचा, मोजकं बोलणारा. पडवीत फवारणीचा पंप उघडून बसला होता.

"बारक्या, वाट चुकलास काय रे?"

बारकूने अंगणात उभं राहूनच सगळं सांगितलं. फेलोशिप, पन्नास सालाआधीचा कागद, येणारी बाई.

"दादा, माझ्या आजाचं तेवढं काढू नका. सरकारी पैशावर शिकायचं, आनि घरानं चोराचं निघालं तर कोन देईल? आनि पोरीला ठाव नाय."

ज्ञानेश्वर पंपाची चकती फडक्याने पुसत होता. "शिकून काय करनार ती?"

"वाडीवाडीत फिरनार. लोकांचे कागद करून देनार."

"स्वतःचा नाय झाला, आनि लोकांचे?" ज्ञानेश्वर हसला. चकती जागेवर बसवली. "बाई किती वाजता यायची?"

बारकूने वेळ सांगितली. सांगितल्याबरोबर वाटलं, सांगायला नको होती.

दुसऱ्या दिवशी बाई अकराला पाच कमी असताना जीपमधून उतरल्या. नाव योगिनी. सगळे त्यांना मॅडम म्हणू लागले. त्यांनी पाणी घेतलं आणि कुळदैवतापासून सुरुवात केली. लग्नं कुठल्या वाड्यांत होतात, मयताचं काय करतात, घरात बोलतात कसं, सगळं लिहून घेतलं. उत्तरं रत्ना देत होती. मॅडमची मान होकारार्थी हलत होती, पण शेवटी त्यांनी विचारायचं ते विचारलंच. लेखी काही?

रत्ना म्हणाली, नाही.

मॅडमनी पेनाला टोपण लावलं. नुसत्या तोंडी माहितीवर आपल्याला काही करता येत नाही, असं त्या समजुतीच्या सुरात सांगत होत्या, तेवढ्यात ज्ञानेश्वर आत आला. इस्त्रीचा शर्ट, पायात बूट. कुणी बस म्हणायच्या आत बसला.

"ह्यांच्या घरान्याचं मी सांगतो."

"दादा," बारकू एवढंच म्हणाला.

"ह्याचा आजा जैतू. आमच्या खळ्यावरचं भात चोरलं त्याने. आमच्या आजाने फिर्याद दिली. सहा महिने सजा झाली. गावात कोनालाही विचारा."

दारात जमलेल्या बायकांतून शेजारची ठमी हळूच मागे सरकली. तिच्यामागून आणखी दोघी.

"बा, खरं हाय?" रत्नाने विचारलं.

बारकूने हो म्हणून मान हलवली. रत्ना पुढ्यातल्या अर्जाच्या प्रती एकावर एक रचू लागली. बारकूच्या मनात आलं, काल दारात गेलो नसतो तर हा आज इथे आलाच नसता. आपल्याच तोंडाने आपण पोरीला भट्टीवर पाठवलं.

मॅडमनी ज्ञानेश्वरला विचारलं, ही ऐकीव गोष्ट आहे की काही आधार आहे?

"ऐकीव कशाला?" त्याने शर्टाच्या आतून प्लास्टिकची पिशवी काढली. "आमचा आजा कागद टाकत नसे. सकाळपासून पेटी उपसतोय."

पिशवीत कोर्टाच्या निकालाची नक्कल होती. पिवळी, घडीवर फाटलेली. मॅडमनी ती मांडीवर पसरली आणि ओळीखाली बोट ठेवून मोठ्याने वाचली.

"आरोपी जैतू वलद सोमा, जात कातकरी, राहणार वैशाखरे. सन एकोणीसशे सत्तेचाळीस."

त्या थांबल्या. शिक्का उजेडात धरून पाहिला, साल पुन्हा वाचलं. मग पेनाचं टोपण काढत त्यांनी रत्नाला विचारलं, "इथे झेरॉक्स कुठे मिळेल गं?"