बेबी वनटेक

लहानपणी सेटवर तिला सगळे ‘बेबी वनटेक’ म्हणत, कारण तिचं वाक्य कधी चुकलंच नाही. आता ती डबिंग करायची आणि सुखात होती. चेहरा कुणी ओळखत नव्हतं, आवाजावर पोट भरत होतं.

आज तिच्याच जुन्या सिनेमाचा खराब झालेला आवाज नव्याने भरायचा होता. पडद्यावरची सात वर्षांची ती रडत रडत बोलत होती आणि माइकपुढची ती तिच्या ओठांवर शब्द बसवत होती.

शेवटच्या वाक्याला ती अडखळली. रेकॉर्डिस्टने चित्र थांबवलं.

“सॉरी दादा, पुन्हा घेऊ.”

“कशाला, ताई? ओठ बरोबर जुळलेत. पोरगीपण तिथेच अडखळलीये.”

“छे, ती कधी चुकायची नाही,” म्हणत ती हसली.

थांबवलेल्या चित्रात, गालांवरचे अश्रू तसेच ठेवून, पोरगीही हसली.