जुने ठोके

रेवती सासूला पोटाला हातही लावू देत नाही, अशी द्वारकाबाईंची चार दिवसांची कुरकुर होती.

घरोघरी खिशातली सोनोग्राफी आल्यापासून डोहाळजेवणात बाळाचे ठोके ऐकवायची रीतच पडली होती. रेवतीनंही पोटावर यंत्र ठेवलं. भिंतीवर उमटलेल्या चित्रात बाळ हललं, ठोके घुमले, बायका हरखल्या. तेवढ्यात ठोक्यांमागून खोकला ऐकू आला. द्वारकाबाईंचाच. पण त्यांचा खोकला जाऊन आठवडा झाला होता.

त्यांनी बायकांना बाहेर पाठवून दार लावलं.

"हे जुनं रेकॉर्डिंग दाखवतेयस. बाळाचं काय झालं?"

"मंगळवारी ठोके थांबले," रेवती म्हणाली. "तुम्ही एवढ्या हौसेनं सगळं मांडलेलं. सांगवेना."

द्वारकाबाईंनी तिच्या अंगावरचे फुलांचे दागिने एकेक करून उतरवले.

"आग लागो त्या हौसेला! ऊठ, आधी दवाखान्यात चल. चार दिवस एकटी रडलीस बये, मी काय मेले होते?"