दोन फोनमधले बाबा
बाबा गेल्याच्या चाळिसाव्या दिवशीचं स्मरणाचं जेवण आटोपताच इटलीहून आलेल्या थोरल्या अनातोलने आईसमोर फोन धरला. त्यात बाबा म्हणत होते, “द्राक्षमळा अनातोलला दिला.” धाकटा ग्रिगोरे हसला. “दुसऱ्याच्या धडावर बाबांचा चेहरा चिकटवलास, चोरा! हनुवटीची कड थरथरतेय बघ.” त्याने आपला फोन पुढे सरकवला. त्यातल्या बाबांनी मळा ग्रिगोरेला दिला होता. “तुझे बाबा पापणीसुद्धा लववत नाहीत,” अनातोल ओरडला. “फुकटचं ॲप वापरलंस, भिकारड्या!” “तुझ्या बाबांचा सोन्याचा दात कुठाय?” ग्रिगोरेने विचारलं. दोघांनी एकमेकांची गचांडी धरली. मी, त्यांची बहीण, मध्ये पडले. आई उठली. “जिवंत होते तेव्हा सहा वर्षांत त्यांचं तोंड बघायला आला नाहीत. चालते व्हा!” धाकट्याचा फोन मात्र तिने ठेवून घेतला. दार लावून माझ्या हातात दिला. “आवाज बंद कर. नुसतं ह्यांना बघायचंय.”