समोरच्या आजींची साक्ष

पालिकेचे साहेब चौकशीला वेळेआधीच येऊन टपकले आणि गाइडबाईंची धांदल उडाली. समोरच्या आजींचा अजून पत्ता नव्हता.

भानगड साधीच होती, पण अगदी गळ्याशी आलेली. थोर कवींचं बालपण गेलं त्या घराचं संग्रहालय झालं, लोक लांबून लांबून यायला लागले, आणि आता कुणीतरी शंका काढली होती. मधल्या काळात गल्लीतल्या घरांचे नंबर बदललेत, मग कवींचं घर हेच कशावरून? कवी लहानपणीच गाव सोडून गेले ते पुन्हा फिरकले नाहीत, आणि आता तर तेही राहिले नव्हते. साहेबांची खात्री पटली नाही तर घर पाडून रस्ता रुंद करायचा, असं वरून ठरून आलं होतं. कवींना त्या वयात पाहिलेलं माणूस शोधून शोधून एकच सापडलं. आजी.

त्या दर आठवड्याला यायच्या. बाई नको नको म्हणाल्या तरी तिकीट काढायच्या आणि बाकी घराकडे ढुंकूनही न बघता मागच्या लहान खोलीत शिरायच्या. तिथे भिंतीवर कवींनी लहानपणी खडूने काढलेली होडी होती, वर काच बसवलेली. तिच्यापुढे उभ्या राहायच्या. "तुम्ही ओळखत होतात का हो त्यांना?" असं बाईंनी एकदा विचारलंच. "आमची घरं समोरासमोर," एवढंच आजी म्हणाल्या. समोर आता गाड्या लावायची मोकळी जागा होती.

"येणार आहेत ना तुमच्या त्या?" साहेबांनी घड्याळ बघितलं.

"येतील हो. वय झालंय त्यांचं."

आल्या एकदाच्या, भिंतीला धरून धरून. साहेब तसे भले. त्यांनी स्वतः उठून खुर्ची दिली. "आजी, या घरात काय पाहिलंत ते सांगा. सावकाश."

आजी बसल्या नाहीत, दोघांना घेऊन थेट मागच्या लहान खोलीत गेल्या. "ही खिडकी आधी वर उचलायची, मग ढकलायची," त्या म्हणाल्या. साहेबांनी तसं केलं. एरवी बाईंचा घाम काढणारी खिडकी मुकाट उघडली.

"तापात त्याला ती उघडीच लागायची. पलंग तिकडे नाही, इथे होता. पडल्या पडल्या रस्ता दिसायला हवा ना! होडीपण पडूनच काढली, म्हणून ती तिरकी आहे. भिंत खराब केली म्हणून चांगला धपाटा घालायला हवा होता. पण आजारी पोरावर कोण हात उगारणार?"

साहेब गुडघ्यावर बसले आणि मान वाकडी करून बघितलं, तर होडी सरळ दिसली.

"हा तोच मुलगा ना, आजी? दुसरं कुणी नसेल?"

"या घरात एकच पोर होतं." आजींनी होडीवरच्या काचेवर हात ठेवला.

साहेबांनी चष्मा काढून उगाचच पुसला. "इतकं तर सख्ख्या आईच्याही लक्षात राहत नाही. काळजी सोडा, या घराला आता कुणी हात लावत नाही."

ते गेले तशी बाईंनी आजींना मिठीच मारली. त्यांना रडूही येत होतं आणि हसूही. "आजी, देवासारख्या धावून आलात हो! स्वतःचं घर पडलं आणि कवींचं मात्र वाचवलंत!"

"पडलं ते कवीचं, बाळा. तो समोर राहायचा," आजी रुमालाने डोळे टिपत म्हणाल्या. "फार गुणी पोर. माझा मुलगा त्या तापात गेला, तरी कितीतरी दिवस रोज आमच्या पायरीवर येऊन बसायचा, हा खेळायला बाहेर येईल म्हणून."