एकशे बारा जणांना विचारून

“प्रश्न पहिला,” गोरखने वही उघडली. “गाण्याच्या व्हिडिओत तुम्हाला काय बघायला आवडेल?”

समोर रत्ना तांदूळ पाखडत होती. ती त्याची बायको, चार महिन्यांपासून गुंजवण्याला माहेरी येऊन बसलेली. लग्नाला सात वर्षं झाली, पण गोरख तिला अहोजाहो करत होता तो आज पहिल्यांदा. वहीत प्रश्न तसाच लिहिला होता, त्याला तो तरी काय करणार!

रत्नाने वर पाहिलंच नाही. सूप चालू राहिलं.

या सगळ्याचं मूळ म्हणजे गोरखचा कॅमेरा. आंदणात आलेली पारडी रत्नाने वाढवली, तिची दुभती म्हैस केली. रत्ना भातलावणीला गेली असताना गोरखने ती म्हैस बाजारात नेऊन विकली आणि लग्नाच्या शूटिंगसाठी कॅमेरा आणला. तिसऱ्या दिवशी रत्ना माहेरी गेली. आपल्या कलेवर तिचा विश्वास नाही, म्हणून ती रुसली, असं गोरखने परस्पर ठरवून टाकलं. पुढे लग्नं मिळाली तीन, आणि त्यातल्या एकात नवरदेवाचं डोकंच आलं नाही.

तर मग गाण्याची सीडी काढायची. भोरच्या केबलवर गाणं लागलं की रत्ना पुढच्या एसटीने परत येईल, याबद्दल त्याला तिळमात्र शंका नव्हती. भोरला सीडीचं दुकान चालवणाऱ्या शब्बीरभाईंनी फक्त एवढंच सुचवलं, “आधी पब्लिकला इचार, काय बघायचंय त्यांला. न्हाईतर सगळ्या सीड्या शेतात पाखरं हाकलायला टांगशील.”

गोरखला ते भलतंच पटलं. वही घेऊन तो गावोगाव फिरला. उत्रोलीचे गेनबा म्हणाले, “बैलं दाखव. बाई नगं.” त्यांची म्हातारी आत गेल्यावर ते हळूच म्हणाले, “एखादी आसली तर चालंल.” शिवणकाम करणाऱ्या सबिहाला नाचणारीच्या ब्लाउजची पाठ नीट दिसायला हवी होती, कारण गिऱ्हाइकं तसलेच ब्लाउज शिवून मागतात. वरव्याच्या कुंडलिकला गाण्यात स्वतःचा टेम्पो हवा होता, नंबरासकट. गोरखने सगळं इमानदारीत लिहून घेतलं. नाव, गाव, वय, आवड. ‘सर्व्हे’ हा शब्द तो दिवसातून दहादा उच्चारू लागला. स्वतःला डायरेक्टरही म्हणू लागला, कारण दुसरं कुणी म्हणेना.

घरी येऊन करपलेली भाकरी मोडताना मात्र त्याला रत्नाची फार आठवण यायची. तेवढं एक वहीत कुठेच लिहिलेलं नव्हतं. मग एक दिवस त्याच्या ध्यानात आलं, की गुंजवण्याचा सर्व्हे राहून गेलाय. त्याने इस्त्रीचा शर्ट घातला आणि एसटी पकडली.

“सांगा ना,” तो आता अगदी काकुळतीला आला. “तुमचं उत्तर लई म्हत्वाचं हाय.”

रत्नाने सूप खाली ठेवलं. “आतापत्तुर किती जणांला इचारलं?”

“एकशे बारा!” गोरखची छाती फुगली. “इचारल्याबिगर काय करायचंच न्हाई, आसं ठरीवलंय म्या.”

रत्नाने त्याच्या हातातून वही घेतली. एकेक पान उलटत ती शेवटपर्यंत गेली. गेनबांच्या पानावर तिला हसू आलं, तेव्हा गोरखला वाटलं, जमलं. त्याने खिशातलं पेन काढून तयार ठेवलं.

तिने वही मिटली आणि त्याच्या मांडीवर ठेवली.

“आन् माजी म्हस इकताना,” ती म्हणाली, “किती जणांला इचारलं हुतं?”