दोन काळ्या टोप्या

"आई, उजेडाच्या मधात नको येऊ," निकिता म्हणाली, तशा विमलताई स्टूल सरकवून बाजूला बसल्या. टेबलावर तो डबा उघडा पडला होता. त्याच्या पोटातून निघालेल्या तीन वायरी एका हिरव्या बोर्डाला लागल्या होत्या आणि बोर्डाची केबल लॅपटॉपला.

डबा मधुसूदनरावांचा. लोहाऱ्याच्या एमआयडीसीत तीस वर्षं मशिनी दुरुस्त करून रिटायर झालेला माणूस, स्वस्थ कुठला बसायला! शेतातल्या मोटरपंपासाठी हा डबा त्यांनी स्वतः बनवला आणि बटणं जोडून त्यात रोजची एक ओळ लिहायचीही सोय केली. 'तूर फुलावर.' 'मोटर चाळीस मिनिटं.' 'रानडुकरं आलती.' असलंच काहीबाही. मागच्या डिसेंबरात त्या दिवशी त्यांनी ओळ लिहिली असेल, नसेल. शेताच्या धुऱ्यावर, बांधावरच्या त्या डब्यापाशीच ते पडले, ते उठलेच नाहीत.

या असेल-नसेलमध्येच विमलताईंचा जीव अडकला होता. त्या सकाळी अंगात ताप असताना नवरा शेतात निघाला म्हणून त्या फटकन बोलून गेल्या होत्या, "जा मंग, अन् वापस येऊच नका!" मधुसूदनरावांनी चहा तसाच ठेवला आणि चालते झाले. आले ते चौघांच्या हातावर. तेव्हापासून विमलताईंनी चहा सोडला. का सोडला, हे त्यांनी फक्त निकिताला सांगितलं होतं, तेही परवा, तिचा हात धरून. "रागातच गेले का वं ते? डब्यात काही लिवलं असंन तर मले काढून दे."

पण डब्याची वेगळीच पंचाईत. यंदा शेतात वीज पडली, त्यात त्याची स्क्रीन गेली आणि यूएसबीची खोबणही जळाली. निकिता पुण्याला याच कामात. "जळाली तर जळाली," ती म्हणाली होती, "बाबाचा जुना बोर्ड आहे ना. त्याच्यावरच्या डीबग प्रोबचा पूल करू. डबा प्रोबले सांगन, प्रोब यूएसबीतून लॅपटॉपले सांगन." काल दिवसभर ती बापाच्या खोलीत दार लावून बसली होती. जेवायला आली तेव्हा डोळे लालभडक. "सोल्डरचा धूर गेला," म्हणाली.

विमलताईंना हा पूल काही नवा नव्हता. मधुसूदनराव याच टेबलावर हाच बोर्ड घेऊन बसायचे, आणि त्यांची बडबड ऐकायला घरात दुसरं होतं कोण! बोर्डाचे दोन भाग. वर तो प्रोब, खाली बोर्डाची स्वतःची चिप, जिच्यात आपण भरावं तेच ती बोलणार, आणि दोघांना जोडणाऱ्या दोन इवल्याशा काळ्या टोप्या. बाहेरच्या यंत्राचं ऐकायचं तर आधी त्या टोप्या उपटायच्या. "नाही त हा शहाणा आपलंच पुराण लावते," ते म्हणायचे, "दुसऱ्याचं काही ऐकूच येत नाही." टोप्या मुगाच्या दाण्याएवढ्या, सदा हरवायच्या. म्हणून त्यांनी बायकोचा कुंकवाचा जुना करंडा पळवून टेबलावर आणून ठेवला होता. टोप्या त्यात पडल्या की हाक यायची, "निकिताची आई, करंडा सांभाळजो बरं!" चौतीस वर्षांत या माणसानं बायकोचं नाव म्हणून घेतलं नाही.

"करू चालू?" निकितानं विचारलं.

"कर ना. आता कायले थांबतं?"

निकितानं बटण दाबलं. लॅपटॉपची स्क्रीन क्षणभर काळीच राहिली. विमलताईंनी डोळे मिटून घेतले. उघडले तेव्हा इंग्रजी अक्षरांतलं मराठी भराभरा खाली उतरत होतं. तूर, मोटर, रानडुकरं. निकिता एकेक ओळ वाचत गेली आणि शेवटच्या ओळीपाशी अडली.

"वाच नं वं!"

"'विमल रागावली. तिचं खरं आहे, ताप आहे. आज लवकर घरी जातो. चहा राहिला, तो पितो.'"

विमलताईंनी पदर तोंडाला लावला. वर्षभर दाबून ठेवलेलं रडू आलं ते आलंच. त्यांचं नाव! बाई गं, चक्क नाव घेतलं होतं!

रडता रडता त्यांची नजर लॅपटॉपवरून वायरींवर आली, वायरींवरून बोर्डावर, आणि तिथं जराशी थबकली. मग त्यांनी लेकीकडे पाहिलं. निकिता श्वास रोखून आईचं तोंड न्याहाळत होती. लहानपणी प्रगतिपुस्तक पुढ्यात ठेवून उभी राहायची, अगदी तशीच.

"म्हणजे रागात नोते ते," विमलताई म्हणाल्या.

"नोतेच, आई. पाह्य नं, लिवलं आहे त्यायनं."

"मंग जाय, चहा मांड. मलेही दे कपभर."

निकितानं आईला घट्ट मिठी मारली, किती तरी वेळ सोडलंच नाही. मग नाक ओढत ती स्वयंपाकघरात पळाली. भांडं वाजलं, गॅस पेटला.

"अद्रक टाकू का वं आई?" तिनं तिकडून विचारलं. वर्षभरात पोरीचा इतका मोकळा आवाज या घरानं ऐकला नव्हता.

"टाक! अन् साखर जराशी जास्तच टाक!" विमलताईंनी ओरडून सांगितलं. मग त्यांनी तो रिकामा करंडा जवळ ओढला, बोर्डावर अजून तशाच बसलेल्या दोन्ही काळ्या टोप्या नखानं हळूच उपटल्या, आत टाकल्या आणि झाकण लावलं.